तंबूतला राघू

आमच्या घरात शिरलं की उजव्या हाताला माणसाएवढं एक लाकडी कपाट उभं आहे. वर काच, खाली एक दांडी आणि एक लाल बटण. पाहुणे आधी त्याच्याकडं बघतात, मग माझ्याकडं. मी सांगतो, बाबांनो, हे कपाट नाही, माझ्या सासऱ्यांचा व्हिडिओ गेम आहे. आणि तो मी हुंड्यात मागितलेला नव्हता. मुंडावळ्या सोडल्यावर कितीतरी वर्षांनी तो आपणहून आला, सोबत सासऱ्यांना घेऊन.

मी उत्तरेश्वर. येडशीत माझी खव्याची भट्टी आहे. कढईपुढं दिवसभर उभा राहणारा माणूस सोशिक असणार असं लोक धरून चालतात. साफ खोटं. त्या धगीपुढं उभं राहून माणसाचं डोकंही दुधासारखंच तापतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या बायकोची आहे.

तिचं नाव दैवशाला. घराच्या पुढच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास आहे. तालुक्यातल्या किती पोरापोरींची बोटं तिनं वळणावर आणली असतील, त्याची मोजदाद नाही. ताटातनं निसटलेला चमचा फरशीला लागायच्या आत तिच्या हातात असतो. दुधावर झेप घेतलेलं मांजर तिनं एकदा हवेतच झेललं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिला विचारा. ती म्हणणार, "मला घाईचं काम जमत न्हाय. माझा हात जड हाय."

या एका वाक्यावर मी संसारभर भांडत आलोय. लातूरच्या तंत्रनिकेतनात तिचा नंबर लागला होता, गेली नाही. म्हणाली, तिथली पोरं भराभर करत असतील, आपण मागं पडू. मी हौसेनं स्कूटी आणली, तिच्यावर बसली नाही. म्हणाली, ऐन वेळी ब्रेक दाबणं व्हायचं नाही. शेवटी त्या स्कूटीवरनं मी खव्याचे डबे वाहिले. भट्टीवर मिशाळ गडी, आणि बुडाखाली गुलाबी स्कूटी. गावानं काय हसायचं ते हसून घेतलं.

हा हात जड कसा झाला, ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्याला कारण राघू.

माझे सासरे ज्ञानोबा, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, मूळचे तेरखेड्याचे. तिथल्या निम्म्या माणसांसारखे तेही तरुणपणी फटाक्यांच्या कामावर जायचे. एकदा दारू भडकली आणि आबांच्या दोन्ही भुवया गेल्या. जीव वाचला. भुवया पुन्हा उगवल्या तशी त्यांनी शपथ घेतली, की यापुढं ज्यात स्फोट फक्त काचेच्या पलीकडं होतो असलाच धंदा करायचा. मग मुंबईला जाऊन कुठल्याशा गल्लीतनं त्यांनी ते जुनं मशीन विकत आणलं आणि यात्रेयात्रेत तंबू लावायला सुरुवात केली. चैत्रात येरमाळा, श्रावणात रामलिंग, नवरात्रात तुळजापूर. एका बाजूला मौत का कुआँ, दुसऱ्या बाजूला पाळणा, आणि मधे आबांचा तंबू.

त्या खेळाचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मशीन चालू केलं की नाव यायचं, पण त्यातली निम्मी अक्षरं किड्यांनी खाल्ल्यासारखी. पडद्यावर एक हिरवी वस्तू उडायची आणि मजल्यामजल्यावर ठेवलेले दाणे टिपायची. वरनं लाल वस्तू तिच्यावर उतरायच्या. सगळे दाणे टिपले की नवा पडदा, नवे मजले, जास्त लाल. आता ती हिरवी वस्तू राघू होता की हेलिकॉप्टर, यावर येरमाळ्याच्या यात्रेत खरोखरची हाणामारी झालेली आहे. शेवटी मशीन रंगवायला बोलावलेल्या पेंटरला हेलिकॉप्टर काढता येईना, म्हणून त्यानं चोच उघडलेला राघू काढला आणि प्रश्न मिटला. खेळाला आवाज होता म्हणे, पण जनरेटरच्या धडधडीत तो कुणाला ऐकू येणार? आबांनी तो बंदच केला आणि स्वतः माईक घेऊन ओरडायला लागले, "राघू निघाला, राघू निघाला! दाना टिपतोय बगा! आरं मेला, मेला! पुढचा या!"

यात्रा उलगताना, म्हणजे शेवटच्या दिवशी, ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याला आबा स्टीलची कळशी द्यायचे. कळंबचा बलभीम नावाचा एक पोरगा होता, तो ओळीनं कळश्या नेत राहिला. त्याच्या घरात पाण्यापेक्षा कळश्या जास्त झाल्या. तो दांडी धरायचा तेव्हा तंबूत पाय ठेवायला जागा नसायची.

आणि दैवशाला, मालकाची एकुलती एक पोरगी, दाराशी पैशांचा डबा धरून बसायची. दुपारी उन्हानं तंबू रिकामा झाला की आबा म्हणायचे, "खेळ गं माय." ती स्टुलावर चढायची. आबा मशीनच्या मागं जायचे, तिथल्या फटीतनं तिच्याकडं बघत उभे राहायचे. आणि तिचा राघू दुसऱ्या पडद्यावर मरायचा. फार तर तिसऱ्या. तिच्याहून लहान, नाक गळणारी पोरं चौथा-पाचवा पडदा करून उड्या मारत बाहेर जायची आणि ही मालकाची पोरगी तिसऱ्याला खलास. ती तंबूमागं जाऊन रडायची. सगळं बालपण असंच गेलं, आणि तिनं तिच्यापुरता निकाल लावून टाकला, की हात जड आहे.

इथं नारायणराव सरांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते तिच्या शाळेत गणित शिकवायचे, तुळजापूरचे. त्यांच्या भावानं परदेशातनं त्यांना एक घरगुती कॉम्प्युटर आणून दिला होता. काळी पाटीएवढी वस्तू, वर रबराची बटणं. ती टीव्हीला जोडायची, आणि तिचा प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवायचा. सर सांगायचे, की परदेशात मोठाल्या मशीनवरचे गाजलेले खेळ असल्या छोट्या कॉम्प्युटरवर बसवून विकतात, म्हणजे पोरांना घरबसल्या खेळता येतात. पण मोठ्यातलं सगळं छोट्यात मावत नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवणाऱ्याची खरी कसोटी.

मला हे ऐकल्याबरोबर कळलं. आम्हीही तेच करतो. घागरभर दूध घ्यायचं, आटवत आटवत मूठभर खवा करायचा, आणि चाखणाऱ्यानं म्हणायला पाहिजे, की हां, म्हशीचंच होतं.

सरांकडं प्रोग्रॅम लिहायला शिकून दैवशालानं तेव्हाच राघू त्या काळ्या पाटीवर उतरवायला घेतला होता. मग दहावी आली आणि ते काम राहिलं. सर निवृत्त होऊन तुळजापूरला परत गेले, जाताना कॉम्प्युटर तिला देऊन गेले. तो आमच्या लग्नात रुखवतात मांडला होता, करंज्या आणि अनारशांच्या मधे. माझी आत्या बराच वेळ बटणं दाबून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "ह्येच्यावर पापड लाटत्यात का?" मग तो माळ्यावर गेला.

सासूबाई वारल्या आणि आबा एकटे पडले. आमच्याकडं या म्हटलं तर ऐकेनात. लेकीच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीतले ते. शेवटी त्यांनीच तोड काढली. टेम्पोत घालून मशीन आमच्याकडं पाठवलं आणि म्हणाले, "म्या लेकीकडं न्हाय राहत. म्या मशीनपाशी राहतो." आम्ही म्हटलं, बरं. रोज सकाळी अंघोळ झाली की आबा मशीन पुसायचे, चालू करायचे, राघू उडालेला बघायचे आणि मग चहा प्यायचे.

गेल्या वर्षी विजेचा एक दाब असा आला, की आमचा पंखा गेला, मिक्सर गेला आणि मशीनही गेलं. आत एक हिरवी पाटी असते, तीच खेळाचा जीव. ती जळाली. सोलापूरला दाखवली, पुण्याला दाखवली, सगळ्यांनी हात जोडले. दैवशालानं इंटरनेटवर हजारो जुने खेळ धुंडाळले, हा कुठंच सापडला नाही. कुठल्याशा गल्लीत कुणीतरी कशाची तरी चोरून केलेली नक्कल असणार ती. जगात तो खेळ आता फक्त ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यात उरला होता.

आबा सकाळी नुसतंच मशीन पुसायला लागले. चहा निवून जायचा, तरी त्यांचं लक्ष नसायचं. मला ते बघवेना आणि मी चिडचिड करायला लागलो, कारण वाईट वाटलं की मला तेवढंच येतं. दैवशाला मात्र उठली. तिनं स्टूल लावलं आणि माळ्यावरनं रुखवतातली ती काळी पाटी खाली काढली.

मग सुरू झाला आमच्या घरातला यज्ञ. भंगारवाल्याकडनं जुना डब्बा टीव्ही आला, तो मशीनच्या काचेमागं बसला. मशीनची दांडी आणि बटण काळ्या पाटीला जोडली. क्लास सुटला की ती आठवून आठवून लिहायची. कुठल्या पडद्यावर किती मजले, दाणे कुठं, लाल वस्तू कुठल्या कोपऱ्यातनं उतरतात. पडदे तिनं पैशांचा डबा सांभाळत, लोकांच्या खांद्यांवरनं ओझरते बघितलेले होते. वेग मात्र तिच्या स्वतःच्या हातात होता, तो कुणाला विचारायची गरज नव्हती. खेळ कॅसेटवरनं चढायला लागला की टेपमधनं अशी किंकाळी निघायची, की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. त्या म्हशीचं दूध माझ्याच भट्टीवर येतं, हेही ध्यानात घ्या.

तपासनीस अर्थातच आबा. ते स्वतः दांडीला हात लावत नसत, पूर्वीही कधी लावला नव्हता. दैवशालानं खेळायचं आणि आबांनी बघायचं. त्या छोट्या कॉम्प्युटरची एक खोड होती. पडद्यावरच्या एका बारक्या चौकोनात त्याला दोनच रंग परवडायचे, त्यामुळं राघू लाल वस्तूच्या जवळनं गेला की तोही लालभडक व्हायचा.

"ह्यो लाल का झाला?" आबा विचारायचे. "गुलाल लावला का त्येला? इलेक्शन जिंकला का?"

तिनं ते बदललं. मग मजले तिरके वाटले, मग दाणे ज्वारीएवढे पाहिजेत ते हरभऱ्याएवढे झाले. आवाज ती घालणार होती, पण आबा म्हणाले, "आवाज नगं. आवाज म्या व्हतो." मी मधे एकदा सुचवून पाहिलं, की राघूऐवजी सरळ हेलिकॉप्टर करून टाक. दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मुकाट भट्टीवर गेलो.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दिवशी दैवशालाचा राघू तिसऱ्या पडद्यावर मेला आणि आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्योच! डिट्टो ह्योच!" त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा घेतला.

इथवर सगळं गोड होतं. पण या कामात अडलं की ती जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांना मोबाइलवर प्रश्न विचारायची, आणि त्यांना राघूबद्दल कळलं. पुण्यात त्यांचा मेळावा भरणार होता. त्यांचा निरोप आला: ताई, ज्या खेळाची जगात दुसरी प्रत नाही तो तुम्ही घरी बसून पुन्हा केलाय, तो घेऊन या, मंचावर सगळ्यांना दाखवा, कसा केलात ते सांगा. रविवारपर्यंत कळवा.

मी म्हटलं, "कळव की! येते म्हण!"

ती गप्प. मला ते गप्प बसणं पाठ आहे. लातूरच्या वेळचं तेच आणि स्कूटीच्या वेळचंही तेच. थोड्या वेळानं म्हणाली, "तिथं लोक पटापट विचारतील. आन् माझं बरोबर हाय कशावरनं? आबा माझे आबा हायत, ते व्हय म्हणणारच. बलभीमदादाला बोलवू. तो खेळून म्हणला, ह्योच राघू, तर जाते. न्हायतर विषय काढायचा न्हाय."

मी लगेच बलभीमला फोन लावला. मला वाटलं, काम फत्ते. कळश्या जिंकणारा माणूस, एका मिनिटात व्हय म्हणेल आणि माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी जाईल.

रविवारी दुपारी बलभीम आला. आता त्याचा मंडपाचा धंदा आहे आणि पोटही मंडपासारखंच झालंय. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, जणू सत्कारालाच आला होता. आबांच्या पाया पडला. मशीनवरचा रंगवलेला राघू बघून त्याचे डोळे खरंच भरले. "आबा, माझं निम्मं आयुष्य हितं गेलंय," म्हणाला. मग बाह्या सारल्या, दांडी धरली.

राघू उडाला. चार दाणे टिपले. मेला.

"हात बसंना अजून," बलभीम म्हणाला. दुसऱ्यांदा खेळला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा त्यानं दातओठ खाल्ले, आबांच्या स्टुलावर एक पाय ठेवला, दांडी उपटून निघते की काय असं वाटलं. पहिला पडदासुद्धा पुरा झाला नाही. घाम पुसत तो मागं सरला.

"ताई, राग मानू नगा," तो म्हणाला. "चित्र समदं बरोबर हाय. पण ह्यो आपला राघू न्हाय. आपला राघू कसा निवांत उडायचा. ह्येच्या मागं कुणीतरी कुत्री सोडल्यात."

दैवशालाच्या चेहऱ्यावरनं सगळं उतरलं. "व्हय," ती म्हणाली. "माझंच चुकलं असंल. वेग म्या माझ्या अंदाजानं धरला व्हता." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांना कळवून टाका, येणं व्हत न्हाय म्हणून." आणि चहा टाकायला आत गेली.

मला इतका संताप आला, की बलभीमला पोटासकट उचलून बाहेर ठेवावं. त्याचा काय दोष, पण राग दोष बघून येतो का? मी तोंड उघडणार इतक्यात आबा हळूच म्हणाले, "जावईबापू, थांबा. दैवे, हिकडं ये. तुझ्या बांगडीतली पिन दे."

ती बाहेर आली. पिन दिली. आबांनी मशीन भिंतीपासून ओढायला लावलं, मागचं दार उघडलं. आत जळालेली हिरवी पाटी अजून फळीवर पडून होती, ती टाकवत नव्हती त्यांना. आबांनी ती मांडीवर घेतली. तिच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या बारीक खिट्ट्यांची एक ओळ होती, दुधाच्या दातांसारखी. आबांनी पिनेच्या टोकानं एक खिट्टी खाली केली. टक्‌. दुसरी. टक्‌.

"ह्या समद्या खाली केल्या की लाल वस्तू हळू येत्यात," आबा म्हणाले. "वर केल्या की पळत्यात. म्या फटीतनं बगायचो, कोण आलंय. बारकं लेकरू एकच नाणं घिऊन आलं, तर समद्या खाली. त्येला वाटावं, नाणं वसूल झालं. दारू पिऊन कुणी दांडी हिसकायला आला, तर अर्ध्या वर. लवकर मरतो आन् जातो."

बलभीम पुढं सरकला. "आन् मी, आबा?"

"तुला बऱ्यापैकी खालीच ठिवत व्हतो, बाबा. तू खेळाय लागलास की गर्दी जमायची. तू लवकर मेलास तर माझा तंबू रिकामा."

बलभीम मटकन खुर्चीवर बसला. घरातल्या कळश्या एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढनं गेल्या असणार.

दैवशालानं विचारलं, "आन् मला?"

आबा पिन फिरवत बसले. मग म्हणाले, "तुला समद्या वर."

पिन त्यांनी फळीवर ठेवली.

"मालकाची पोरगी बक्षीस जिंकली असती तर लोकांनी तंबूच्या दोऱ्या कापल्या असत्या, माय. म्हणले असते, बापानं लेकीला मशीन शिकवून ठिवलंय. पयल्या साली तू सात-आठ वर्साची व्हतीस, तुला आठवत नसंल, आन् ह्या बलभीमाच्या पुढं निघालीस. म्या भ्यालो. दुसऱ्या दिवसापस्नं समद्या वर केल्या, त्या तुझ्यासाठी कधी खाली केल्याच न्हाईत. म्हणून म्या म्हणलं, ह्योच. तू केलेला राघू बरोबर तोच हाय, तू खेळायचीस तो. ह्येनं कधी बगितलाच न्हाय तो." त्यांनी मान वर केली. "दैवे, समद्या वर असताना तिसऱ्या पडद्यापतोर दुसरं कुणीच गेलं न्हाय. म्या एकदा परगावच्या एका उस्तादाला लावून बगितलं. तो पयल्यालाच मेला."

मी कढईपुढचा माणूस, पण त्या दुपारी माझी बायको जशी भडकली तसा मी जन्मात भडकलेलो नाही.

"सांगायचं तरी, आबा! मोठी झाले तवा तरी सांगायचं! माझं लग्न झालं, लेकरं झाली, तरी तुमी... आबा, म्या स्कूटीवर बसले न्हाय!"

लातूर नाही, तंत्रनिकेतन नाही, स्कूटी. मला हसू फुटलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की ते तिथंच विझलं.

"आधी भ्यालो म्हणून सांगितलं न्हाय," आबा म्हणाले. "मग तू म्हणाय लागलीस, हात जड हाय, हात जड हाय. तवा कळलं आपण काय केलं. मग तर सांगायची लाजच वाटली." त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. मला वाईट वाटलं. रागही आला होता, पण वाईट जास्त वाटलं.

दैवशालानं पदरानं तोंड पुसलं. मग काळ्या पाटीपुढं बसली, प्रोग्रॅम उघडला, त्यातला एक आकडा खोडून दुसरा घातला.

"बलभीमदादा, बसा तिथंच," ती म्हणाली. "तुमचा राघू बगू द्या मला."

तिनं दांडी धरली. पहिला पडदा तिनं असा पुसून टाकला, जसं कुणी ओट्यावरचं पीठ पुसतं. दुसरा तसाच. तिसऱ्यावर तिचे खांदे जरा आखडले, सवयीनं. पण लाल वस्तू आल्या त्या पेंगत पेंगत, आणि ती त्यांच्या मधनं निघून गेलीसुद्धा. चौथ्याला बलभीम खुर्चीवरनं उठला. पाचव्याला तो तिच्या खांद्यामागं उभा राहून श्वास धरायला लागला. सहाव्याला मी. आबा तेवढे मशीनच्या मागंच होते, जुन्या जागी, फटीतनं पडदा नाही, तिचं तोंड बघत. ती हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला भाकरी करताना, पोरं शिकवताना, भांडताना बघितलं होतं. खेळताना पहिल्यांदाच बघत होतो, आणि ती फार सुंदर दिसत होती. हे मी तिला सांगितलं नाही, इथं लिहितोय.

सातव्या पडद्यावरचा शेवटचा दाणा टिपला आणि काच काळी झाली. खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांची एक ओळ आली आणि सगळं थांबलं.

"गेलं का ह्येबी?" आबा घाबरून पुढं आले.

"गेलं न्हाय," दैवशाला म्हणाली. "पुढचं म्या लिवलंच न्हाय. सातव्याच्या पुढं बलभीमदादा बी कधी गेला नव्हता. कुणी हितवर येईल, असं वाटलंच न्हाय मला."

बलभीमानं दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. थट्टेनं नाही, मनापासून. मी खिशातनं फोन काढला. "पुण्याला काय कळवू?"

"येते म्हणून कळवा."

"मग आठव्यात काय असतंय?" आबांनी विचारलं.

"मला काय म्हाईत, आबा? तिथं अजून कुणी गेलंच न्हाय." तिनं खुर्ची पुढं ओढली. "आता म्याच ठरवणार."